पाचवं तोंड

२ फेब्रुवारी, सोमवार

नवं शहर, नवी नोकरी, म्हणून ही नवी वही. आज मी अगदी खुशीत आहे! जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. माझं काम ऐकून बहीण फोनवर खो खो हसली. आलेला प्रत्येक कन्सोल उघडून पुसायचा, प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत खेळून बघायची आणि ठीक असेल तर तिच्यावर माझं टिकलीएवढं हिरवं लेबल चिकटवायचं. त्या लेबलाशिवाय दुकानातून काही विकलं जात नाही. चाळिशीत आता दिवसभर खेळत बसायचं, आणि वर कोणी ओरडणार नाही!

मालक म्हणजे देवमाणूस. मी विचारायच्या आतच म्हणाले की मुलीला शाळा सुटल्यावर इथेच बसू दे. मुलगी म्हणजे माझी फुगी, सात वर्षांची. तान्ही असल्यापासून रुसली की गाल फुगवते म्हणून फुगी. सध्या पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे गाल फुगवले की फटीतून फुस्स हवा जाते आणि रुसवा विसरून ती स्वतःच हसत सुटते. आमचं दोघींचंच घर. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

तिसरे सोल्डरकाका. साठीचे असतील. डोळ्याला भिंग लावून दिवसभर तुटक्या तारा जोडतात. वागायला चांगले वाटले, फक्त तोंडाला सारखा रुमाल. दर दोन मिनिटांनी मोठ्ठा आवंढा गिळतात, आणि तो पार माझ्या टेबलापर्यंत ऐकू येतो. शी! असो, पहिल्याच दिवशी नाक मुरडायचं नाही असं ठरवून आले होते.

४ फेब्रुवारी, बुधवार

लोक काय घाणेरडे असतात गं बाई! एका कन्सोलमध्ये झुरळांचं अख्खं बाळंतपण झालेलं. दुसऱ्यात पायाच्या नखांचे तुकडे, चघळलेलं च्युइंगगम आणि त्यात गुंतलेले केस. रिमोटच्या बटणांच्या कडेला काळा मळ साचलेला, दात कोरायच्या काडीने काढला तर शेवयांसारखा सलग निघाला. दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

पण सगळ्यात ओंगळ म्हणजे फुंकर. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाजवळ धरायची आणि आत फू करायचं. लहानपणी आम्ही सगळेच करायचो. आता कॅसेटी उघडते तेव्हा कळतं की फुंकरीबरोबर थुंकी आत जाते. पितळी पट्ट्यांवर हिरवा कळक चढतो, बुळबुळीत. कुणाकुणाची वीस-वीस वर्षांची थुंकी ती! मी सरळ जाहीर केलं की दुकानात फुंकर बंद, फक्त कापसाची काडी आणि स्पिरिट. मालकांनी लगेच मान डोलावली. सोल्डरकाकांनी नुसताच आवंढा गिळला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक भलतीच कॅसेट हाती आली. कव्हर नाही, नाव नाही. कुठून आली विचारलं तर काका म्हणाले, कपाटात होती, खूप दिवसांची.

तालाचा खेळ आहे. पाच टकले ओळीने खुर्च्यांवर बसलेत. वरून जांभळ्या गोगलगायी पडतात, कवच नसलेल्या. ठेका सुरू झाला की पहिला गिळतो, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पाचवा म्हणजे आपण. नेमक्या ठेक्यावर बटण दाबायचं. टण टण टण टण गट! आपण चुकलो की गोगलगाय पाचव्याच्या हनुवटीवरून ओघळते आणि चौथा मान वळवून त्याच्याकडे बघतो. तीनदा चुकलो की चौथा आ वासतो, पडदा काळा होतो आणि नुसता चावल्याचा आवाज येतो. किळस आली आणि हसूही आलं. फुगी तर हसून हसून टेबलाखाली गेली.

चौघांना चेहरे आहेत, पाचव्याला नाही. सोललेल्या बटाट्याला तोंड कापावं तसा तो दिसतो. चौथ्याच्या हातात एक चिमुकला रुमाल आहे. म्हटलं, आमच्या काकांसारखाच की हा!

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मी लाजिरवाणी गोष्ट केली. तीच कॅसेट अडून बसली होती. शेवटची एकच फेरी राहिली होती आणि स्पिरिटची बाटली जागेवर नव्हती. सगळं टेबल उलथंपालथं केलं. काका म्हणाले, एक फुंकर मारून बघा, कोण बघतंय?

मारली. मीच! फुगी समोर बसून बघत होती. आई, तूच नाही म्हणालीस ना, असं म्हणून तिने टाळ्या पिटल्या.

फुंकर मारताना ओठांना काहीतरी ओलसर लागलं. कॅसेटच्या आतून. तीनदा दात घासले, तरी कळकलेल्या भांड्यातलं पाणी प्यावं तशी चव जिभेवर आहे. कॅसेट मात्र झटक्यात चालू झाली.

संध्याकाळी बाटली सापडली, काकांच्या खणात. चुकून गेली असेल म्हणाले.

११ फेब्रुवारी, बुधवार

पाचव्याला चेहरा आलाय. हनुवटीवर तीळ, पुढच्या दाताचा टवका उडालेला. माझा तीळ. माझा दात.

आधी वाटलं कुणीतरी चेष्टा केली. मग बटण दाबलं, गट झालं, आणि माझ्या घशातून काहीतरी गार, लिबलिबीत खाली उतरलं. जिवंत होतं. उतरताना वळवळलं. मी मोरीत जाऊन पोट रिकामं होईपर्यंत ओकले, पण बाहेर नुसती लाळ, हिरवट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं होतं की त्या खेळाला हात लावायचा नाही. पण सकाळपासून घशाखाली पाण्याचा घोटसुद्धा उतरेना. तोंडात लाळ साचत राहिली, फुगीसमोर मी बेसिनवर वाकून उभी. शेवटी दुकानात गेले, एक फेरी खेळले. दहा गोगलगायी. प्रत्येक गोगलगाय जाणवली. मग पाणी उतरलं.

दोनदा चुकले. दोन्ही वेळा चौथ्याने मान वळवून बघितलं. मीही मान वळवली. सोल्डरकाका माझ्याकडे बघत होते, रुमालातून लाळ टपकत होती. शर्टाची कॉलर भिजली होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांना धरलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, काय काय बोलले मला आठवत नाही. ते रडायलाच लागले. कबूल केलं की बाटली त्यांनीच लपवली. नऊ वर्षं ते पाचवे होते, रोज सकाळी लपून खेळायचे, रोज गिळायचे; दुसरं कुणी खेळायला बसलं की ते चौथ्या खुर्चीवर सरकायचे आणि पाचवा बिनचेहऱ्याचा दिसायचा. आपल्या मागे कोणीतरी यावं एवढंच त्यांना हवं होतं, असं म्हणाले. मी विचारलं, मग आता सुटलात ना? ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले आणि आवंढा गिळला.

जाताना मला म्हणाले की तुमच्या मागेही कोणी आलं की तुम्ही सुटाल. बस, एक फुंकर.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकदाच चुकले. पण रोज खेळायचं म्हणजे कधीतरी ठेका सुटणारच. तिसऱ्यांदा चुकले तर? फुगीचं कोण आहे माझ्यामागे?

मी काय केलं ते इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. कॅसेट नीट पुसली. तिच्यावर माझं हिरवं लेबल चिकटवलं आणि विकायच्या फळीवर ठेवली. कुणीतरी नेईल. कुणाचं तरी पोर फुंकर मारेल. माझं तर नाही ना! हो, मी असा विचार केला. मला स्वतःचीच किळस येते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

फळीवर कॅसेट नाही. कुणी नेली ते मी विचारलं नाही.

घास अजून उतरत नाही. कालपासून पाणीसुद्धा नाही. म्हणजे अजून कुणी फुंकलं नाही. फुंक रे बाबा, जो कोण असशील तो, लवकर फुंक.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी मालक घरी आले. माझी तब्येत बघायला. येताना फुगीसाठी खोकं आणलं, एक जुना कन्सोल आणि एक खेळ. तिला कोणता आवडला होता ते त्यांना आठवत होतं, म्हणून मंगळवारीच बाजूला काढून ठेवला होता. तुझ्या आईनेच तपासलाय, लेबल बघ, असं तिला म्हणाले.

मी आत पडले होते. आवाज ऐकून उठेपर्यंत—

चालत नव्हता म्हणे. म्हणून तिने आईसारखं केलं.

माझा घसा एकदम मोकळा झाला. मी तांब्याभर पाणी घटाघट प्यायले. त्या क्षणी मला बरं वाटलं. देवा, बरं वाटलं!

पाचव्या खुर्चीवर फुगलेले गाल. पुढचे दोन दात नाहीत.

चौथ्या खुर्चीवर मी.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

काकांचा फोन आला. आवाज कोरडा, ठणठणीत. पोटभर जेवले म्हणाले. चौथ्याला काय होतं ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरज नाही.

तोंडाला सारखं पाणी सुटतंय. ती जवळ आली की जास्त. तिच्या केसांचा वास— नाही. लिहिणार नाही.

तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही. खेळावंच लागेल. मी रिमोट घेतला तर बटण लागत नाही. तिच्याच बोटांना लागतं.

अकरा वाजता

मी न्हाणीघरात आहे. आतून कडी. बाहेर ती खेळतेय. मी दारावर थाप मारून ठेका देतेय, एक दोन तीन चार आता. एक दोन तीन चार आता.

बरोबर. बरोबर. ती रडतेय, आई गं, वळवळतंय. गिळ राणी. गिळ.

चुकली. माझी मान आपोआप वळली. दाराकडे.

वही भिजलीय. लाळ थांबत नाही. एक दोन तीन—

दुसऱ्यांदा.

थाप चुकवू नकोस, बाई. डावा हात कडीवर आलाय. मी नाही ठेवला. एक दोन—

ती सांगतेय, आई, परत चुकलं. पण तू टीव्हीत माझ्याकडे बघून हसतेयस, तोंड उघडून—

फुगी, बाहेर पळ. शेजारी जा. दार लावून— ओरडायचंय, पण तोंडात इतकं पाणी की शब्दच

कडी नाही काढणार. नाही काढ