मिनाबूल रेडिओला माझी गरज आहे

३ ऑगस्ट, शनिवार
डोकं फिरलंय. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे दोनशेच्या वर सामने खेळलेला माणूस मी. मेलबर्नच्या टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसलेला. (तिथून काढलं नाही. माझं खरं बोलणं त्यांना झेपलं नाही.) आणि आज मिनाबूल गावच्या या रेडिओवर कॉमेंट्रीतली जोडीदार टेगन सगळ्यांदेखत म्हणते, क्रॉटो, जरा श्वास घे की! अगं बाई, तुझ्या जन्माआधी गुडघे फोडून घेतलेत मी!

मॅनेजर ग्लेनिस म्हणाली, पुढच्या सीझनला कॉमेंटेटर एकच. फायनलनंतर ठरवू. त्यात ठरवायचं काय?

४ ऑगस्ट
संकल्प. माइकवर चिडायचं नाही. सत्त्याऐंशीच्या फायनलमधल्या माझ्या गोलचा विषय काढायचा नाही. टेगनला बोलू द्यायचं, म्हणजे तिचं अज्ञान आपोआप उघडं पडेल.

१० ऑगस्ट
पहिला क्वार्टर संकल्प पाळला. जवळजवळ. अंपायरने ढळढळीत धक्का सोडून दिला, मग काय त्याला ओवाळू? आंधळा, एवढंच म्हणालो. तो ग्लेनिसचा जावई निघाला. आधी सांगायला काय झालं होतं? सत्त्याऐंशीचा गोल एकदाच काढला. फार तर तीनदा. बायको, कोरल, म्हणते सात वेळा. हिला दुसरे उद्योग नाहीत.

७ सप्टेंबर
हाफटाइमला मीट पाय, म्हणजे खिम्याची पेस्ट्री, घ्यायला गेलो तर कँटीनवाल्या बायका टेगनचं कौतुक करत होत्या. किती छान सांगते, घरबसल्या सगळं दिसतं म्हणे. रागाच्या भरात गरम मीट पाय तसाच तोंडात कोंबला. जीभ भाजली. तिसरा क्वार्टर गप्प. नंतर ग्लेनिस म्हणाली, तिसरा क्वार्टर फारच छान झाला. शेवटी मान्य करावंच लागलं ना!

१४ सप्टेंबर, फायनल
जिंकलो! मी!

आमच्याकडे लोक मैदानाच्या कठड्याला गाड्या लावून आतच बसतात, रेडिओवर आम्हाला ऐकतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. शेवटची दोन मिनिटं. मिनाबूल पाच गुणांनी मागे, गोलचे सहा गुण, म्हणजे एका गोलवर कप. सगळे कान देऊन ऐकत असणार. हीच वेळ! टेगनचा माइक बंद केला आणि सरळ लोकांनाच विचारलं, मी राहावं असं वाटत असेल तर हॉर्न वाजवा.

आधी शांतता. गहिवरले असतील. आणि मग जो काही दणका उडाला! गाडीन् गाडी बोंबलत होती. डोळेच भरून आले. उभा राहून आभार मानले. आईचे, कोरलचे, जुन्या संघाचे. टेगन बाही ओढत होती. जळते मेली. खेळ संपल्याचा भोंगा झाला तरी माझं चालूच.

१५ सप्टेंबर, रविवार
हॉर्न गोलचे होते.

मिनाबूलने कप जिंकला, आणि तो गोल रेडिओवर कुणी सांगितलाच नाही. सकाळी ग्लेनिसचा फोन. गोल मारणाऱ्या टायची आई, लॉर्ना, हॉस्पिटलात रेडिओ कानाशी धरून पडली होती. पोराने चेंडू पकडला इथपर्यंत तिने ऐकलं. मग माझ्या आईचे आभार.

मी आरडाओरडा केला. ग्लेनिसने शांतपणे फक्त वॉर्ड नंबर सांगितला. तिनेही ओरडायला हवं होतं.

दुपारी माफी मागायला हॉस्पिटलात गेलो. लॉर्नाच्या पलंगाशी टेगन बसली होती, तो गोल पहिल्यापासून सांगत. टाय मागे सरकला, मोजे वर ओढले, वारा डावीकडून... म्हातारी तिचा हात घट्ट धरून ऐकत होती.

दारातच उभा राहिलो. तिच्या सांगण्यात गोल झाला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. मी तो काल पाहिलाच नव्हता.