सासूबाईंचा आवाज भरून घेताना

६ नोव्हेंबर २००२
ठरवून मोकळे झाले! रसिकाला थोरल्या जावेच्या, त्रिवेणीताईंच्या ओटीत घालायचं. मामंजी जेवता जेवता म्हणाले — "युवराजला लेकरू नाही. घरचंच घरात राहील. सिकंदराबाद काय अमेरिकेत हाय?"
सव्वा वर्षाची पोर माझी! अजून अंगावर पिती. हे नुसते ताटाकडं बघत बसले. नवरा म्हणे माझा.

८ नोव्हेंबर
युवराज भावजींनी त्यांचा जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. मामंजी खूश. "आता हिच्या भजनाची रेकॉर्ड यात भरू." ही म्हणजे माझ्या सासूबाई. मी यायच्या आधीच वारल्या. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली होती. मामंजी ती धोतरात गुंडाळून कपाटात ठेवतात. मला हात लावू देत नव्हते.
कॉम्प्युटर देणार, पोर नेणार. सौदा!

११ नोव्हेंबर
ह्यांच्यासंगं सुलतान बाजारला. रसिका कडेवरच. आता तिला खाली ठेवायचीच भीती वाटायली.
ह्यांनी विचारलं, "सस्ते में क्या है?" दुकानदारानं तीन चीजा काढल्या. एक कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं कार्ड — सगळ्यात स्वस्त, पण घरघर येती म्हणे. दुसरी बाहेरची डबी. ती बरी, पण रेकॉर्डचा आवाज मुळात लै बारीक, तो वाढवायला अजून एक डबी घ्या! तिसरीत दोन्ही. प्लेअरची वायर सरळ खोचायची, अर्थिंगची तार मागच्या स्क्रूला.
हे कार्डावरच अडले. दुकानदार माझ्याकडं बघून बोलला, "वो नक्को अम्मा. रेकॉर्ड के वास्ते येइच लेओ." बटन फिरवून दाखवलं. "हरी बत्ती तक अच्छा. लाल जली तो आवाज फट जाती. बाद में कुच नै होता."
मी म्हणले, हीच घ्या.
बाद में कुच नै होता. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१५ नोव्हेंबर
काम माझ्याच गळ्यात. दिवसभर घरी मीच. मामंजींच्या बाकीच्या रेकॉर्डी भरायलेय. रसिका झोपली की सुई ठेवायची. हिरव्यावर छान येतं. हात बसला.

१९ नोव्हेंबर
आज मामंजींनीच सासूबाईंची काढून दिली. लावली. बटन पार शेवटाला नेलं. लाल! लालच लाल! त्यांचा आवाज टराटरा फाटला. दोन्ही बाजू तशाच भरल्या.
माझं काळीज काढायलेत ना? घ्या आता.
मामंजींनी विचारलं, "झालं का गं तिचं?"
"झालं."

२१ नोव्हेंबर
मामंजींनी सगळ्या रेकॉर्डी अफझलगंजच्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. सासूबाईंची बी! ती तरी ठेवतील वाटलं होतं. "कॉम्प्युटरात गेलं, आता त्याला मरण नाही," म्हणाले. एकदा ऐकून बी बघितलं नाही.
गाडा गल्लीच्या तोंडाशीच होता. हाक मारता आली असती. मारली नाही.

२८ नोव्हेंबर
नेली. माझी पोर नेली.
पाटावर बसवली होती. त्रिवेणीताईंनी पदर पसरला. मामंजी म्हणाले, "आधी हिचं भजन लावा. तिचाबी आशीर्वाद." ह्यांनी लावलं. खरखर, चिरका, फाटका आवाज! मामंजी इकडंतिकडं बघायले. "ही कोण? ही ती नव्हं."
मी म्हणले, "तीच हाय. मी फाडली. बायको वळखू येईना ना तुम्हाला? मलाबी माझी पोर उद्या वळखायची नाही."
हे ओरडले, "येडी झालीस का?" मामंजी म्हणाले, "युवराज, लेकरू उचल."
रसिका रिक्षात बसेपर्यंत माझ्याकडं हात करत होती.

२ डिसेंबर
दूध थांबेना. छातीला टॉवेल आवळून बांधलाय.
मामंजी रोज अफझलगंजला जायलेत. भंगारवाला म्हणतो मुंबईचा कुणीतरी सगळा ढीग घेऊन गेला. नाव ठाऊक नाही. जेवेनात. मी ताट वाढते, उचलते. मरू देत उपाशी.

६ डिसेंबर
हे म्हणाले, "बाबांची माफी माग." मी म्हणले, तुम्ही माझी मागा आधी.

९ डिसेंबर
त्रिवेणीताई पोरीला घेऊन एकट्याच आल्या. रसिकाला माझ्या मांडीवर दिलं. "ठेव तुझी तुझ्याजवळच. रात्रंदिवस रडती, मला झेपत नाही म्हणून सांग सगळ्यांना." डोळे सुजलेले. दारातून मागं वळल्या — "तुझं त्या दिवशीचं बोलणं कानातून जाईना गं."
पोर लगेच छातीला लागली. वळखलं तिनं! माझं लेकरू!

१० डिसेंबर
मामंजी सकाळपासून कॉम्प्युटरला कान लावून तेच फाटकं भजन ऐकत बसलेत. रसिका दुडुदुडु गेली, त्यांच्या मांडीवर चढली. टाळ्या वाजवायली. मामंजी तिला म्हणाले, "आजी हाय ही तुझी."
तिला आता हाच आवाज आजीचा.