कोरड्यासपुढची समई

सोलापूर, मंगळवार, दिवेलागण

डोकं तापलंय. लेखकांच्या आमच्या ऑनलाइन ग्रुपवर रोज कुणीतरी एक दुर्मिळ शब्द द्यायचा आणि त्याचं मूळ सांगायचं. परवा मी ‘कोरड्यास’ दिला. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून सोबत जे काही आमटी-भाजी असतं, ते कोरड्यास. सगळ्यांना लई आवडला. आज ॲडमिनबाईंनी त्याचं चित्र करून टाकलं. काळ्या कागदावर पेटलेली समई आणि खाली ‘मराठीनं गमावलेला शब्द’. लोक हात जोडतायत. एका काकांनी तर त्याचं मूळ थेट फारसीत नेलं.

गमावला? कधी? माझी आई जेऊरची. तिच्या तोंडात हा शब्द रोज असतो. मग समई कुणापुढं लावलीय, मेलंय कोण?

पण हे मी तिथं लिहिलं नाही. कुठल्या तोंडानं लिहू? ‘माझी आजी म्हणायची’ असं मीच लिहिलं होतं. आजी तर मला आठवतसुद्धा नाही. आईचा म्हटला असता तर आम्ही गावंढळ दिसलो असतो, एवढंच कारण. त्या समईत तेल मीच घातलंय.

आत्ता आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “रातच्याला कोरड्यास काय करू गं?”

मी फोन पालथा घातला. म्हणाले, “भाजी कुठलीही कर.”

“बरं,” ती म्हणाली, “भाजी करते.”