लिफ्ट, आई आणि जागतिक क्रांती

३ नोव्हेंबर
लिफ्ट बंद. आई चौथ्या मजल्यावर अडकली. मावशी नेमकी आठवडाभरासाठी पुढच्या गल्लीत आली आहे. तिचेही गुडघे गेलेले. सोसायटीचा मॅनेजर कसलातरी छापील कागद देऊन सही मागत होता. असल्या कागदांनी जगात काही बदललेलं नाही. त्याच कागदाच्या मागे लाल मार्करने ‘आईला खाली येऊ द्या’ लिहिलं, आईला जिन्यात खुर्चीवर बसवून तो तिच्या हातात दिला. फोटो टाकला.

४ नोव्हेंबर
सात लाइक. एक माझाच. ही म्हणाली, मॅनेजरशी बोला. आंदोलन कशाशी खातात, हे हिला कुठून कळणार!

६ नोव्हेंबर, दुपारी २
दोन समुद्रांपलीकडे कुणीतरी फोटो उचलला! लोक बंद लिफ्टसमोर, जिन्याजिन्यांत खुर्च्या मांडून बसलेत. घोषणा कळत नाहीत, पण ऊर भरून आला. फलक फ्रेम करून घेतला. मॅनेजरने पुन्हा कागद मागितला. म्हटलं, तो आता जगाचा आहे.

८ नोव्हेंबर
चौथा देश! तिथे एक लिफ्ट चालूसुद्धा झाली. आईला व्हिडिओ दाखवला. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, मावशी परवा जाणार. ताबडतोब उद्याचं जागतिक धरणं जाहीर केलं.

९ नोव्हेंबर, सकाळी ११
धरणं सुरू. मी बेडरूममधून लाइव्ह मार्गदर्शन करतोय. जिन्यात रेंज नाही. प्रतीक म्हणून तिथे खुर्ची ठेवली आहे.

दुपारी १
खुर्ची गायब! दडपशाहीचा निषेध केला. चार देशांतून पाठिंबा.

संध्याकाळी ६
खुर्ची हिने नेली होती. दर आठ-दहा पायऱ्यांवर मांडायची, आईला टेकवायचं, पुन्हा उचलायची. अशा दोघी खाली उतरल्या. आई आज मावशीकडेच राहणार. मला का नाही बोलावलं, विचारलं. म्हणे, दोन हाका मारल्या, तुम्ही हात करून गप्प केलंत.

१० नोव्हेंबर
लिफ्ट चालू! विजयाची पोस्ट लिहायला घेतली, तर हिने रिकामी फ्रेम समोर ठेवली. तो कागद म्हणजे लिफ्टवाल्यांचा तक्रारीचा फॉर्म होता. सहीशिवाय मेकॅनिक येत नाही. हिने काल सही करून दिला, आज सकाळी तासाभरात काम झालं.

मावशीला निरोप देऊन आई लिफ्टने वर आली. रागावली नाही. जिन्यातला तो फोटो मागितला, मावशीला पाठवायला. बराच वेळ बघून विचारलं, यात तू कुठे आहेस? म्हटलं, फोटो काढणारा फोटोत नसतो.

आई म्हणाली, काल जिन्यातही नव्हतास.