पाणी आणि मीठ सोडून

६ एप्रिल, रविवार. धरणगाव.

नूतन सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली, माहेरी. उन्हाळ्याची सुट्टी. आई म्हणाली, घरात शाळेत जाणारं कुणी नाही, मग सुट्टी कुणाची? आईला शंका काढायची सवयच आहे. नूतनने जाताना स्वेटर नेले. धुळ्यात पहाटे गार पडत असेल.

दारात एवढंच म्हणाली, एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करून दाखवा आणि मग मला फोन करा. कोरफड, सफेद मुसळी, कडकनाथ कोंबड्या, एकाचंही नाव घेतलं नाही. म्हणजे राग नाही.

निश्चय: सर्टिफाइड सेंद्रिय बिअर. खानदेशात कुणी केलेली नाही. सर्टिफिकेट हातात पडलं की फ्रेम करून थेट धुळं गाठायचं. ही डायरीही रोज लिहिणार.

७ एप्रिल

फोन केला. उचलला नाही. सर्टिफिकेटशिवाय फोन करायचा नाही असं ठरलंच होतं, तेव्हा चूक माझी. संध्याकाळी पुन्हा केला.

१३ एप्रिल

मधले दिवस रिसर्चमध्ये गेले. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या विधी मॅडम जळगावला बसतात. फोनवर त्यांनी सगळे नियम सांगितले. वजनाने पंच्याण्णव टक्के माल सेंद्रिय पाहिजे, पाणी आणि मीठ सोडून. ती दोन मोजतच नाहीत.

हे ऐकून मला हसूच आलं. बिअरमध्ये असतं काय? बहुतेक पाणी. जे मोजतच नाहीत ते बहुतेक, म्हणजे बहुतेक काम झाल्यातच जमा.

मॅडमनी विचारलं, दारू गाळायचं सरकारी लायसन्स आहे ना? मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. प्रोसेस म्हणजे मी आधी क्वालिटी सिद्ध करणार, मग सरकार स्वतः विचारणार.

१४ एप्रिल

अडचण. आमच्या शेतातला गहू चालत नाही. लीलाधर, माझा चुलतभाऊ, शेत करतो, त्याने पोटभर युरिया टाकलेला. मॅडम म्हणाल्या, आज युरिया बंद केला तरी जमीन शुद्ध धरायला तीन वर्षं लागतील. तीन वर्षं नूतन थांबेल का, हे मी विचारलं नाही. तो मॅडमचा विषय नाही.

लीलाधरला म्हणालो, निदान शेजारच्या तुकड्यात फवारू नको, वारा आमच्याकडे येतो. तो म्हणाला, अळीला तू समजावून सांग, मी फवारणी बंद करतो. अशा लोकांमुळे खानदेश मागे आहे.

२० एप्रिल

यावलचे चिंधा आबा सर्टिफिकेटवाला गहू पिकवतात. आणला. बिअर जवाची करतात, पण जव आपल्याकडे कुणी पेरत नाही, म्हणून गव्हाची बिअर. आबांनी विचारलं, एवढा गहू कशाला? म्हणालो, टॉनिक करतोय. आईलाही हेच सांगितलंय. खोटं नाही. प्यायल्यावर बरंच वाटणार आहे.

२९ एप्रिल

हॉप्सची रोपं कुरियरने आली. बिअरला कडवटपणा ही वेल देते. थंड देशातली आहे. आईचा कूलर तिच्यासमोर लावला. आई अंगणात झोपते. मोकळी हवा चांगली.

३ मे

पंचेचाळीस डिग्री. हॉप्स गेले. कूलर चालू असताना गेले, म्हणजे रोपांतच दोष. आईने कूलर परत नेला.

नवा विचार: अंगणातला कडुनिंब. कडूच तर हवंय. शिवाय त्याने जन्मात युरिया पाहिलेला नाही.

१२ मे

पहिली बॅच बाटल्यांत भरली. गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, उकळून, यीस्ट घालून, सगळं पुस्तकाप्रमाणे. यीस्टला वीस डिग्री लागते. आमच्या घरात एवढी गार जागा कुठेच नाही. त्यातल्या त्यात देवघर. बाटल्या देवामागे ठेवल्या.

१६ मे

आरतीच्या वेळी बाटल्या फुटल्या. एकीपाठोपाठ एक. आईला वाटलं सिलिंडर. ती घंटा हातात घेऊनच रस्त्यावर पळाली.

समोरून उखर्डू नाना आले. भाऊबंदकीत सगळ्यात मोठे. दारातच थांबून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि कुणाला काही न सांगता परत गेले. टॉनिक जोरदार आहे हे त्यांना कळलं असणार.

हे नूतनला कळवू नको असं आईला बजावलं. आई रोज दुपारी तिच्याशी फोनवर बोलते. माझा फोन लागत नाही, आईचा लागतो. कंपनी वेगळी आहे.

१७ मे

आज तिची फार आठवण आली. घर खायला उठतं. तिची चप्पल अजून दारात आहे, जुनी, अंगठा तुटलेली. ती मी हलवत नाही.

हे पान उद्या फाडणार.

१६ जून

नूतनने धुळ्याच्या एका शाळेत नोकरी धरली. आईकडून कळलं. वेळ जावा म्हणून. हुशार बाई आहे, रिकामी बसत नाही. सर्टिफिकेट आलं की राजीनामा द्यायला एक अर्ज पुरेल.

९ जुलै

तिने आधार कार्डावरचा पत्ता बदलून धुळ्याचा केला. पार्सल मिळायला सोपं पडत असेल.

दोन वेळा फोन केला.

१२ जुलै

विधी मॅडम तपासणीला येणार. चार ऑगस्ट, सोमवार. मी विचारलं, बिअर तयार लागेल का? त्या म्हणाल्या, आधी कच्चा माल आणि साठवण पाहू. म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू. तो तर माझ्या हातचा मळ.

आता शिस्त. वरची खोली रिकामी केली. फरशी नुसत्या पाण्याने धुतली, फिनाईल नाही. गहू नव्या धुवट चादरीवर, पंख्याखाली. दारावर कागद लावला: चप्पल बाहेर. आंघोळ केल्याशिवाय आत येऊ नये. हात लावू नये. इतर धान्याशी संपर्क नको. मी स्वतः पहाटे आंघोळ करून ओला पंचा नेसून वर जातो आणि गहू परततो.

आई जिन्याखाली उभी राहून बघत होती. डोळ्यांना पदर लावला. धूळ गेली असेल.

२० जुलै

कानबाईचा, आमच्या खानदेशी देवीचा, सण तीन ऑगस्टला. नागपंचमीनंतरचा रविवार. या वर्षी भाऊबंदकीचे रोट आमच्या घरी आहेत. दुसऱ्या दिवशीच तपासणी, नेमकी माझ्या कामाची वेळ. पण आईला काय सांगणार.

आमच्यात घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, देवीसमोर फक्त घरच्यांनी खायचे. लेकी लग्न करून गेल्या की त्यांनाही नाही. त्यांचा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक दुसऱ्या गव्हाचा, पंगत दुसरी. आणि रोट उरवायचा नाही.

आईने नूतनला विचारलं, तुझ्या नावाची मूठ काढू ना? ती म्हणाली, मी मदतीला येते. ती येणार! फोन ठेवल्यावर आई बराच वेळ देवीच्या पाटाशी बसून होती. मला वाटतं हिशोब स्पष्ट आहे. रविवारी नूतन, सोमवारी सर्टिफिकेट. उलटं झालं असतं तर बरं, पण ठीक.

२७ जुलै

गहू वाळला. खाऊन पाहिला. गोड, कुरकुरीत. कोठीत भरला. आयुष्यात एवढं नीट काम माझ्या हातून झालेलं नाही. (ही ओळ तिला वाचून दाखवण्यासारखी आहे.)

१ ऑगस्ट, शुक्रवार

भुसावळला भंगारवाल्याकडे स्टीलची टाकी पाहायला गेलो होतो. टाकीला भोक. सहा वाजता घरी आलो, वर गेलो.

कोठी रिकामी.

खाली आई आणि काकू गिरणीतून दळून आणलेलं पीठ चाळत होत्या. आईचा चेहरा असा उजळलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. "बठ्ठा गहू दयी आना," ती म्हणाली. "कितलं सोवळं पाळं रे भाऊ तू! चप्पल नही, हात लावाना नही. माले सांगं बी नही." काकूंकडे वळून म्हणाली, "मना किरनले कानबाईनीच बुद्धी दिन्ही."

तिने सगळ्या भाऊबंदांना कळवून टाकलंय की या वर्षी कुणी घरचा गहू आणू नका, सगळ्यांच्या मुठी किरणच्या गव्हातून. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

आता सांगू काय? की हे बिअरचं आहे? तोंड उघडलं होतं. मग चहा मागितला.

२ ऑगस्ट

दिवसभर विचार केला. मॅडमना फोन करून तारीख पुढे ढकलायला सांगितली. त्या म्हणाल्या, पुढची तारीख दिवाळीनंतर. म्हणालो, मग याच तुम्ही.

कोठीच्या तळाशी हात घातला. दाणे निघाले, मुठीत मावतील एवढेसुद्धा नाहीत.

३ ऑगस्ट, रविवार

नूतन आली. हिरवी साडी. बारीक झालीय.

सगळ्या बायका वैतागलेल्या, कणीक हाताला चिकटत होती. मोड आलेल्या गव्हाचं तसंच होतं, मला माहीत होतं, पण मी कशाला बोलू. नूतनने परातीत हात घातला, वास घेतला आणि दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. ती एकदा हसली. खरंच हसली. मग कोरडं पीठ लावत भराभर थापायला लागली.

मागच्या अंगणात पाणी भरताना गाठ पडली. म्हणाली, हे तुमचं बिअरचं ना? मी मान हलवली. ती म्हणाली, आईंना कधी सांगू नका, त्या फार खूश आहेत. मग म्हणाली, कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीला तुम्ही असेच छान असता. मी म्हणालो, उद्या तपासणी आहे, तू थांब. ती म्हणाली, सकाळी शाळा आहे. मी म्हणालो, राजीनामा एका अर्जाचं काम आहे. तिने कळशी उचलली.

रोट असे झाले की कुणाला बोलायला फुरसत नाही. उखर्डू नाना तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "औंदाना रोट भलताच गोड शेतस रे!" एवढं कौतुक मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं.

आईने नूतनचं ताट आपल्या शेजारी मांडलं होतं, तिच्या मुठीचा रोट वाढून. नूतन देवीच्या पाया पडली, आईच्या पाया पडली. मग बाहेरच्या खोलीत गेली आणि दुसऱ्या पंगतीत बसली. लेकी आणि पाहुण्यांच्या. दुसऱ्या गव्हाची पोळी वाढून घेतली.

तिकडे पंख्याचा वारा चांगला येतो.

आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली, लावलेलीच. चारच्या गाडीने नूतन गेली. जाताना दारातली ती जुनी चप्पल उचलून पिशवीत टाकली. मी म्हणालो, तुटलीय ती. म्हणाली, म्हणूनच.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी कानबाईला निरोप. वाजतगाजत नदीवर. परत आलो तर वरच्या खोलीच्या दारात विधी मॅडम, बूट हातात घेऊन उभ्या. दारावरचा कागद त्यांनी वाचला होता. म्हणाल्या, एवढी काटेकोर साठवण मी कुठे पाहिली नाही, माल दाखवा.

मी कोठी दाखवली. मग घडलेलं सगळं सांगितलं. त्या बिचाऱ्या हसल्यासुद्धा नाहीत. लायसन्सचं विचारलं. प्रोसेस म्हणायच्या ऐवजी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, निदान नमुन्यापुरतं काही उरलंय का?

उरलं होतं. नूतनच्या ताटातला रोट. आईने तो झाकून ठेवला होता. कुणासाठी, विचारू नये.

मी ताट उचललं. गहू, पाणी, मीठ. पाणी आणि मीठ मोजत नाहीत. म्हणजे शंभर टक्के सेंद्रिय! नियमात इतकी बसणारी वस्तू मी आयुष्यात बनवली नव्हती. मॅडमनी पिशवी उघडली.

आईने माझं मनगट धरलं. "हाऊ घरना मानूसनाच शे. बाहेरनाले चालस नही."

मॅडमनी पिशवी मिटली. म्हणाल्या, राहू द्या, मावशी. चहा घेऊन गेल्या.

रोट उरवायचा नसतो. देवी गेली, तिच्या मागे घरात नूतनच्या मुठीचा तुकडा पडून राहायला नको. आईच्याने तो खाववेना. मी पाटावर बसलो आणि तिच्या नावाचा रोट खाल्ला. वाळून कडक झाला होता. गोड होता. खाताना रडू आलं, ते आईने पाहिलं आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

ताटात कण ठेवला नाही. एक गोष्ट शेवटपर्यंत केली.

फोन केला नाही.