उत्तर ध्रुव चुकला

घाटंजी, गुरुवार, १४ मार्च १९६३

मॅट्रिकचं प्रॅक्टिकल फसलं. परीक्षकांनी रंग खरवडलेला लोहचुंबक दिला आणि म्हणाले, "याचा उत्तर ध्रुव ओळखून दाखव." किती सोपं! मी तो दोऱ्याला टांगला. स्थिर झाला तेव्हा एक टोक खिडकीकडे होतं, तेच उत्तर म्हणून सांगितलं. पण खिडकीला लोखंडी गज होते, चुंबक त्यांच्याकडे ओढला गेला होता. दूर टांगायचं मला सुचलं कसं नाही? बाहेर ऊन पाहिलं तेव्हा कळलं, ती खिडकी पूर्वेची. ते गज डोळ्यांपुढून जातच नाहीत.

लेखी पेपरही वाईट गेलाय. आता पास कशी होणार मी?

घरी बाबांना सगळं खरं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "जाऊ दे बाई, तू लय मेहनत केली. उमरखेडवाले कधीचे सोयरिकीचं विचारून राह्यले. आता हो म्हन्तो त्याईले." किती हलका झाला होता त्यांचा आवाज!

"बाबा, निकाल तरी लागू द्या," मी म्हटलं. ते टोपी घालून निरोप धाडायला निघालेसुद्धा.

आईनं चुलीवर तवा ठेवला. "ये, भाकरी थाप," म्हणाली. "आता कायचा अभ्यास?"