चूल वेगळी

राणीसावरगाव
ता. ४ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव भागवत,

ताईचा आशीर्वाद. तू, अनुसया, लेकरं सुखात असाल. सेलूला जिनिंग सुरू झाली असंल. कापसाची धूळ लय वाईट, तोंडाला रुमाल बांधत जा. इकडं पावसानं सोयाबीन काळं पडलं. तुझ्या रानातलं पाणी मात्र ओसरलंय. फोन तू उचलत न्हाईस, म्हणून पत्र.

घरकुल पुरं झालं. दोन खोल्या, वर स्लॅब. एवढ्या पावसात थेंब गळला न्हाई.

त्या दिवशीचं लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं. पण त्याच्याशिवाय दुसरं लिहायला हाय तरी काय?

घरकुलाच्या आधीच्या पाहणीला येणारे तुझं पक्कं घर बघून माघारी जायचे. रेशनकार्ड एक, म्हणून घर एक. त्यात मी कुठंच नसायची. या वेळच्या अर्पिता मॅडमच्या मोबाईलात नवे प्रश्न होते. कोण कुठं झोपतं, कुणाची चूल वेगळी. तू म्हणालास, "ताई आमच्यातच हाय. तसंच लिहा."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "नाही, तुम्ही सांगा."

ओट्यावर अर्धी गल्ली जमलेली. मी म्हणाले, "चूल वेगळी हाय. मी गोठ्यात राहते."

त्यात खोटं काही नव्हतं. पण तुझं तोंड पडलेलं मी पाहिलं, अन् तू आत निघून गेलास. त्यानंतर माझं काय बोलणं झालं, ते तू ऐकलंच न्हाईस रे.

मी मॅडमला म्हणाले, "नवऱ्यानं टाकलं तवा ह्याच भावानं बैल लिंबाखाली बांधून मला गोठा सारवून दिला. घरात ये म्हणत होता, मीच गेले न्हाई. चूल मीच मांडली, पण तिच्यावर शिजती ती ज्वारी त्याच्याच कणगीतली. हे बी लिहा."

त्या म्हणाल्या, "ताई, ह्याला इथं रकानाच नाही."

गल्लीनं गोठा तेवढा ध्यानात ठेवला. "बहिणीला जनावरात ठेवलं" म्हणून तुला टोचत राहिले. मी दारोदार सांगून पाहिलं. लोकांना ते ऐकायचंच नव्हतं. शेवटी तू रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर देऊन सेलूला गेलास.

मॅडम परवा आल्या होत्या. म्हणाल्या, घर नसलेल्या एकट्या बाया आधी सरकारला दिसतच नव्हत्या, आता दिसायल्यात. गल्लीतल्या एकट्या दगडाबाईला बी मंजुरी आली. ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्यासाठी लय बरं वाटलं. माझ्या घरात मात्र पाय ठरत न्हाई.

घरभरणीला दुपार कलंडंपर्यंत तुझी वाट पाहिली. मग पंडितकाकांनी नारळ फोडला.

काल भिंतीवर नाव रंगवायला पेंटर आला होता. "मालकाचं नाव काय लावू?" म्हणाला. मी आपल्या बाबांचं सांगितलं.

भाऊबीजेला येशील का? न्हाई आलास तरी ताट मांडीन.

तुझी ताई,
शिवकन्या चंद्रभान